पाखंड : एका शब्दाची घसरण

खानापूर तालुक्यातील एखाद्या गावात हरिनाम सप्ताह बसतो आणि कीर्तनकार पाखंडी लोकांचा समाचार घेऊ लागतात, तेव्हा त्यांचा रोख बहुधा गळ्यात तुळशीची माळ आणि घरात चोरून तांबडा रस्सा असणाऱ्यांवर असतो. निपाणी-चिकोडीकडील एखाद्या जैन बस्तीत स्वाध्यायाला बसलेली मंडळी हाच शब्द वाचतात, तेव्हा तो परिग्रह, म्हणजे धनवस्तूंचा संग्रह, न सुटलेल्या खोट्या साधूंसाठी आलेला असतो. आणि धर्मशास्त्रावरील एखादी जुनी टीका उघडली, तर तिथे पाखंडी म्हणून ज्यांचा निर्देश होतो, त्यांत हे जैनच आघाडीवर सापडतात. शब्द एकच, पण तो कोणाच्या तोंडी आहे यावर त्याचे बोट कोणाकडे वळणार ते ठरते. आजच्या मराठीत त्याचे दोन अर्थ रूढ आहेत: एक, वेदविरुद्ध किंवा धर्मबाह्य मत, दुसरा, धर्माच्या नावावरचे ढोंग. या दोहोंपैकी मूळ अर्थ कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर थोडे अनपेक्षित आहे, कारण मूळ अर्थ या दोहोंपैकी एकही नव्हता.

या शब्दाचा सर्वांत जुना भरघोस वापर सम्राट अशोकाच्या शिलालेखांत, म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या शतकात आढळतो, आणि त्यासाठी आपल्याला कर्नाटक राज्याबाहेर जावे लागत नाही. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती येथे चंद्रलांबा देवीचे मंदिर आहे. बेळगाव आणि सोलापूर या दोन्ही भागांतील अनेक घराण्यांची ती कुलदेवी असल्यामुळे आपल्याकडून तिथे जाणारे पुष्कळ आहेत. या मंदिराच्या आवारातील काली मंदिरात देवीच्या मूर्तीखाली बैठक म्हणून बसवलेला एक दगड १९८० च्या दशकात उजेडात आला. त्याच्या दोन्ही अंगांवर ब्राह्मी लिपीत अशोकाची वचने कोरलेली होती, आणि मूर्ती पक्की बसावी म्हणून कोण्या पाथरवटाने शिळेच्या मध्यभागी चौकोनी खाच पाडलेली असल्यामुळे काही अक्षरे कायमची गेली होती. त्या दगडावर अशोकाचे जे लेख आहेत त्यांत बाराव्या शिलालेखाचा अंश आहे, आणि बारावा शिलालेख हाच आपल्या विषयाचा मुख्य पुरावा आहे.

हा लेख पूर्ण वाचायचा तर गुजरातमधील गिरनारच्या खडकाकडे जावे लागते. तिथे राजा सांगतो, की तो सर्व ‘पासंडां’चा, मग ते प्रव्रजित म्हणजे संन्यासी असोत की गृहस्थ, दान देऊन आणि नाना प्रकारे सन्मान करतो, परंतु दान आणि सन्मान यांपेक्षाही सर्व पासंडांच्या ‘सारा’ची वाढ व्हावी, हे त्याला अधिक महत्त्वाचे वाटते. या वाढीचे मूळ तो ‘वचिगुती’ म्हणजे वाणीचा संयम असे सांगतो. ‘आत्पपासंड’ म्हणजे स्वतःचा संप्रदाय, ‘परपासंड’ म्हणजे दुसऱ्याचा. स्वतःच्या संप्रदायाची स्तुती आणि दुसऱ्याच्या संप्रदायाची निंदा, या दोन्ही गोष्टी अप्रसंगी करू नयेत आणि प्रसंग आलाच तर हलक्या हाताने कराव्यात, असे त्याचे म्हणणे आहे. इथे एक बारकावा नजरेतून सुटू नये. अशोक टीका करूच नका असे म्हणत नाही. केव्हा आणि किती, एवढेच तो विचारतो. पुढे तो आणखी एक व्यवहारी मुद्दा मांडतो, की जो आपल्या संप्रदायाच्या भक्तीपायी दुसऱ्याच्या संप्रदायाला नावे ठेवतो, तो प्रत्यक्षात आपल्याच संप्रदायाची हानी करत असतो.

आता ‘आत्पपासंड’ या समासाकडेच पाहावे. आजच्या अर्थाने त्याचे भाषांतर केले तर ‘माझे स्वतःचे ढोंग’ किंवा ‘माझे धर्मबाह्य मत’ असे काहीतरी विचित्र हाती लागेल. कोणताही माणूस स्वतःच्या श्रद्धेला शिवी देऊन तिची स्तुती करणार नाही. म्हणून अशोकाच्या काळी हा शब्द संप्रदाय, पंथ किंवा साधुसमूह अशा निखळ वर्णनात्मक अर्थाने वापरात होता, याबद्दल शंका राहत नाही. सातव्या शिलालेखात तर त्याने सर्व पासंडांनी राज्यात सर्वत्र राहावे अशी इच्छाच व्यक्त केली आहे, आणि दिल्लीला नेलेल्या टोपऱ्याच्या स्तंभावर बौद्ध संघ, ब्राह्मण, आजीवक, निर्ग्रंथ आणि इतर पासंड यांच्याकडे लक्ष देण्यासाठी धर्ममहामात्र नावाचे अधिकारी नेमल्याचे नमूद केले आहे. निर्ग्रंथ म्हणजे जैन. एका साक्षीने समाधान होत नसेल, तर अफगाणिस्तानातील कंदाहार येथे बाराव्या शिलालेखाच्या काही भागाचा ग्रीक अनुवाद सापडलेला आहे. तिथल्या भाषांतरकाराने पासंडासाठी ‘दियात्रिबे’ हा शब्द योजला, आणि त्याचा अर्थ तत्त्वज्ञांची शाळा किंवा गुरुपरंपरा असा होतो. परक्या भाषेतल्या माणसालाही त्या शब्दात निंदा दिसली नाही.

व्युत्पत्तीबाबत मात्र विद्वानांचे एकमत नाही. ‘पर्षद’ म्हणजे सभा किंवा मंडळी, या शब्दाशी त्याचा संबंध जोडणारे मत बरेच मान्यता पावलेले आहे, आणि पाकिस्तानातील शाहबाजगढी येथील लेखात ‘प्रषंड’ असे रकारयुक्त रूप मिळते, ते या मताला आधार देते. याउलट परंपरेने सांगितली जाणारी व्युत्पत्ती अधिक चटकदार आहे: ‘पा’ म्हणजे पालन करणारा, म्हणून तीन वेदांचा धर्म, आणि त्याचे जे ‘खंडन’ करतात ते पाखंड. प्रवचनात ती ऐकायला छान वाटते, पण ती टिकत नाही, कारण तिचा सगळा डोलारा ‘ख’ या अक्षरावर उभा आहे आणि शब्दाच्या जुन्या रूपांत ‘ख’ नाहीच. तिथे ‘स’ किंवा ‘ष’ आहे. ‘ष’चा उच्चार ‘ख’सारखा करण्याची प्रथा नंतर रूढ झाली, शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे वैदिक आजही तसा उच्चार करतात, आणि जुन्या मराठीत विषाचे ‘विख’ आणि हर्षाचे ‘हरिख’ झाले ते याच वाटेने. पाषंडाचे पाखंड झाले, मग त्या ‘खंड’मध्ये लोकांना खंडन दिसू लागले, आणि शब्दाला लागलेला डाग जणू त्याच्या जन्मापासूनचाच आहे असा समज पक्का झाला. आपल्या शेजारच्या कन्नडमध्येही पाषंड आणि पाखंड अशी दोन्ही रूपे नांदतात.

हा डाग केव्हा आणि कसा लागला, हा या शब्दाच्या कथेतला सर्वांत रंजक भाग आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थाने कोणाचा सत्कार करू नये याची यादी आहे. पाषंडी, निषिद्ध कर्मे करणारे, ‘बैडालव्रतिक’ म्हणजे मांजराचे व्रत घेतलेले, शठ, हेतुवादी आणि ‘बकवृत्ती’ म्हणजे बगळ्यासारखे वागणारे, यांचा वाणीनेसुद्धा आदर करू नये, असे तो श्लोक सांगतो. अशोकाने वाणीचा संयम पाळून परपासंडाचा आदर राखायला सांगितले होते. इथे वाणीने आदर करायचीही मनाई झाली. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो या यादीतला शेजार. डोळे मिटून उंदराची वाट पाहणारे मांजर आणि एका पायावर ध्यानस्थ उभा राहून माशावर झडप घालणारा बगळा, हे दोन्ही ढोंगाचे नमुने. बकध्यान हा शब्द आपण आजही वापरतो. अशांच्या पंक्तीला पाषंडी एकदा बसवला की वेगळे मत असणे आणि ढोंगी असणे यांतली भिंत पातळ होऊ लागते. नवव्या अध्यायात तर जुगारी आणि मद्यविक्रेते यांच्याबरोबर पाषंडात राहणाऱ्यांनाही नगरातून ताबडतोब घालवून द्यावे, असे राजाला सांगितले आहे.

ढोंगाचा अर्थ चिकटण्यामागे आणखी एक कारण असावे, आणि ते राजकारणातले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत तापसाच्या वेषातला हेर हा एक मानाचा प्रकार आहे. डोके मुंडलेला किंवा जटा वाढवलेला हा माणूस गावाबाहेर शिष्यांसह राहतो, लोकांसमोर महिना-दोन महिन्यांनी मूठभर भाजी खातो, आणि आतून मनसोक्त जेवतो. राज्यच जेव्हा असे साधू पेरत असते, तेव्हा खऱ्या साधूकडेही लोक संशयाने पाहणारच. याच ग्रंथात पाषंडांना स्मशानाच्या कडेला वस्ती द्यावी असे एका ठिकाणी आहे, तर दुसऱ्या ठिकाणी आश्रमी आणि पाषंड यांनी मोकळ्या जागेत एकमेकांना त्रास न देता राहावे असेही आहे. पाषंडी प्रवाशांना धर्मशाळेत उतरवून घेण्याआधी वर कळवावे, असा नियमही त्यात आहे. लॉजवर आज ओळखपत्र मागतात, त्याचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही. एकूण पाहता त्या काळी हा शब्द अजून पूर्ण शिवी झालेला नव्हता, पण त्या दिशेने निघाला होता.

अमरकोशाने तर याची व्याख्या दोन शब्दांत उरकली आहे: पाखंड म्हणजे ‘सर्वलिंगी’, अर्थात सर्व प्रकारची चिन्हे धारण करणारे. इथे लिंग म्हणजे पंथाची खूण, मग ती भगवी वस्त्रे असोत, भस्म असो, मोरपिसांची पिच्छी असो की मुंडन. बेळगावकडच्या वाचकाच्या मनात ‘लिंगी’ हा शब्द वाचताच लिंगायतांच्या गळ्यातले इष्टलिंग उभे राहील, पण कोशकाराला ते अभिप्रेत नव्हते. मात्र या व्याख्येत अर्थबदलाची किल्ली आहे. ज्याची ओळख त्याच्या बाह्य खुणेवरून होते, त्याच्याबद्दल ‘खूण आहे, पण आत काही आहे का’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. मराठीत ‘बुवा’ हा आदराचा शब्द असूनही त्याच्यापासून ‘बुवाबाजी’ तयार झाली, त्याच चालीने पंथाच्या नावातून ढोंगाचे नाव निघाले.

जैन वाङ्मयात हा प्रवास फार स्पष्ट दिसतो, आणि आपल्या भागात तो ग्रंथरूपाने घरोघरी आहे. कुंदकुंदाचार्यांच्या समयसारात एक गाथा आहे: पाखंडी लिंगे आणि गृहस्थ लिंगे अनेक प्रकारची आहेत, आणि ती धारण करून ‘हाच मोक्षमार्ग’ असे मूढ लोक म्हणतात. इथे पाखंडी म्हणजे सरळ साधू, मुनी. गृहस्थाच्या विरुद्ध टोकाचा माणूस. त्यात जैन मुनीही आले. म्हणजे गाथेची टीका बाह्य चिन्हावर विसंबण्यावर आहे. पाखंडी हा शब्द तिथे निरुपद्रवी आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाने टाळायच्या ज्या तीन मूढता सांगितल्या आहेत, त्यांतली तिसरी पाखंडिमूढता होय. परिग्रह, आरंभ म्हणजे संसारी उद्योग, आणि हिंसा यांत अडकलेल्या, संसाराच्या भोवऱ्यात फिरणाऱ्या पाखंड्यांचा सत्कार करणे म्हणजे ती मूढता. आचार्यांना इथे पाखंडी शब्दामागे इतकी विशेषणे जोडावी लागली, याचा अर्थ नुसत्या शब्दाने दोष पुरेसा व्यक्त होत नव्हता. आज समयसारातली ती गाथा वाचताना एखाद्या तरुण वाचकाला ‘पाखंडी मुनी’ हे शब्द डोळ्यांना खुपतात आणि तो थबकतो. वाचून दाखवणाऱ्या आजोबांना तिथे थांबून अर्थ फोडून सांगावा लागतो.

आणि ज्या मुनींना धर्मशास्त्राने पाखंडी ठरवले, त्यांना या मातीतल्या राजांनी कसे वागवले? खानापूर तालुक्यातील हलशी हे आजचे लहानसे गाव, पण तेव्हाची पलाशिका, कदंबांची महत्त्वाची नगरी. तिथे सापडलेल्या ताम्रपटांवरून दिसते, की पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कदंब राजा मृगेशवर्मा याने पलाशिकेत जिनालय उभारून यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या जैन साधूंच्या संघांना जमीन दिली. यांतले यापनीय विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. त्यांचे मुनी दिगंबरांप्रमाणे नग्न राहत, परंतु स्त्रियांनाही त्याच जन्मी मोक्ष मिळू शकतो हे श्वेतांबरांचे मत मानत. म्हणजे जे वैदिकांच्या दृष्टीने बाहेरचे, त्यांच्यातही पुन्हा स्वतंत्र वाटेने चालणारे होते, आणि वैदिक गोत्र सांगणारा राजा त्या तिघांनाही एकाच दानात सामील करत होता. पुढे १२०४ मध्ये रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने बेळगावच्या किल्ल्यात जिनालय बांधले. तेच आजचे कमल बस्ती. तिच्या छतातले दगडी कमळ पाहायला येणाऱ्यांना पाखंड हा शब्द आठवण्याचे काही कारण नसते.

स्मृतिकारांचीही एकच बाजू होती असे मात्र समजू नये. याज्ञवल्क्य स्मृतीत श्रेणी, नैगम, पाखंडी आणि गण यांचे आपापले नियम राजाने सांभाळावेत असा स्पष्ट आदेश आहे, आणि नारद स्मृतीतही तसेच आहे. याज्ञवल्क्यावर ‘मिताक्षरा’ ही प्रसिद्ध टीका लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणी चालुक्यांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी (१०७६ ते ११२६) होऊन गेला. हिंदू कुटुंबाच्या वाटण्यांचे कज्जे कोर्टात चालवणाऱ्या बेळगावच्या वकिलांना मिताक्षरा परिचित आहे, पण तिच्यातला हा भाग त्यांच्या फारसा कामाचा नसतो. विज्ञानेश्वर सांगतो, की जे वेदाचे प्रामाण्यच मानत नाहीत ते पाखंडी, जसे नग्न आणि सौगत. म्हणजे दिगंबर जैन आणि बौद्ध. ही व्याख्या सडेतोड आहे, पण तिच्यात तुच्छता नाही. आणि ज्या श्लोकावर ती केली आहे, तो श्लोक या वेद न मानणाऱ्यांच्या अंतर्गत करारांना राजाने संरक्षण द्यावे असे सांगतो. तुमचे मत आम्हाला मान्य नाही, तरी तुमचे नियम राजा तुम्हाला मोडू देणार नाही आणि दुसऱ्यालाही मोडू देणार नाही, अशी ती भूमिका आहे.

त्याच कल्याणनगरीत साधारण अर्ध्या शतकानंतर बसवण्णा आणि त्यांच्याबरोबरचे शिवभक्त, म्हणजे शरण, यांची चळवळ उभी राहिली. जातिभेद, यज्ञकर्म आणि देवळातल्या दगडाचे स्तोम यांना त्यांनी नकार दिला. ब्राह्मण मधुवरसाची कन्या आणि चर्मकार हरळय्याचा पुत्र यांच्या विवाहावरून कल्याणात आगडोंब उसळला आणि शरणांची पांगापांग झाली, असे परंपरा सांगते. बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्यासह एक गट उत्तर कन्नडमधील उळवीकडे निघाला, तो आपल्याच बेळगाव जिल्ह्यातून. खानापूर तालुक्यातील कक्केरी गावाचे नाव ढोर कक्कय्या या शरणाशी जोडले जाते आणि तिथे त्याचे स्मारक मानले जाते. जुन्या धर्मशास्त्राच्या मोजपट्टीने हे सगळे पाखंडच ठरले असते. पण शरणांनी काय केले ते पाहावे. बसवण्णांच्या एका प्रसिद्ध वचनाचा आशय असा, की दगडाचा नाग दिसला तर लोक म्हणतात दूध ओता, आणि खरा नाग दिसला तर म्हणतात मारा. नागपंचमीला पाटावरच्या नागाला लाह्या-दूध वाहणाऱ्या आपल्या घरांत हे वचन आजही टोचते. ज्यांना धर्मबाह्य म्हटले गेले असते त्यांनीच धर्मवंतांच्या ढोंगावर बोट ठेवले. पाखंडाचा दुसरा अर्थ अशा रीतीने पहिल्या अर्थाच्या लोकांच्या हातचे शस्त्र झाला.

मराठीत हा शब्द आला तो डाग घेऊनच. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी गुरूच्या कृपादृष्टीची प्रार्थना आहे, आणि तिच्यात ‘पाखांडाचे दरकुटे’ (दऱ्याखोरी) मोडावेत, वाग्वादाच्या आडवाटा बुजवाव्यात आणि कुतर्काची हिंस्र जनावरे घालवावीत असे मागणे आहे. १२९० मधल्या या ओवीत पाखांड म्हणजे खोटे मत. ढोंगाचा वास तिथे नाही. ढोंगासाठी मराठीने आपले स्वतःचे शब्द घडवले: भोंदू, ढोंगी, दांभिक. तुकोबांनी भस्म लावून डोळे मिटणाऱ्यांना ‘भोंदू’ म्हटले ते सर्वांना पाठ आहे. गंमत अशी, की स्वतः तुकोबांवर आलेले संकट, म्हणजे शूद्राच्या तोंडी वेदार्थ शोभत नाही म्हणून गाथा इंद्रायणीत बुडवायला लावल्याची कथा, ही पहिल्या अर्थाच्या आरोपाची आहे. आणि त्यांचे प्रत्युत्तर, म्हणजे अभंगातली झोड, दुसऱ्या अर्थाची.

‘नास्तिक’ हा शब्द याच कुळातला वाटतो, पण त्याची जात वेगळी आहे. पाणिनीच्या मते ज्याची मती ‘नाही’ अशी आहे तो नास्तिक. मनूने वेदाची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हटले. सांख्य आणि मीमांसक ईश्वराला जगाचा कर्ता मानत नसूनही आस्तिक गणले जातात ते यामुळेच. नास्तिक हे एका माणसाच्या मताचे नाव आहे. पाखंड हे मुळात मंडळीचे, संघाचे नाव होते.

युरोपात याच वाटेने गेलेला शब्द म्हणजे हेरेसी. ग्रीक ‘हैरेसिस’चा अर्थ निवड, आणि त्यावरून विचारांची शाखा. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस आपल्या समाजातल्या फरीशी, सदूकी आणि एसेनी या गटांना हाच शब्द निःसंकोच लावतो. चर्चने एक अधिकृत मत ठरवल्यावर ‘निवड’ हाच अपराध झाला. तरी एक महत्त्वाचा फरक राहतो. हेरेसी हा घरातल्या माणसाचा गुन्हा. ज्याचा बाप्तिस्माच झालेला नाही तो हेरेटिक होऊ शकत नाही, तो फक्त बाहेरचा. चोर्ला घाटापलीकडे गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षे वगळता, चाललेले इन्क्विझिशन मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांच्याच मागे लागले, त्याचे कारण हेच. इस्लाममध्येही काफर आणि बिदअत करणारा, म्हणजे धर्मात नवी चाल आणणारा, हे दोन वेगळे मानले जातात. आपल्या पाखंडात हा भेद कधी नीट पडला नाही. वेद न मानणारा बौद्ध आणि वेद मानूनही वेगळे वागणारा शैव, दोघांनाही तो शब्द प्रसंगानुसार लावला गेला, कारण इथे आत-बाहेर ठरवणारे एकच पीठ नव्हते.

इंग्लंडमधला ‘नॉनकन्फॉर्मिस्ट’ हा शब्द याहून सौम्य, आणि त्याचे एक टोक बेळगावात आहे. १६६२ च्या कायद्याने राजमान्य चर्चच्या प्रार्थनापोथीला मान्यता देणे पाद्र्यांवर बंधनकारक केले, तेव्हा सुमारे दोन हजार पाद्र्यांनी नकार देऊन पदे गमावली. त्यांच्या परंपरेतल्या लोकांना ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील पदव्या व पदे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पूर्णपणे खुली झाली नव्हती. मराठा राज्य गेल्यानंतर १८२० च्या सुमारास बेळगावात आलेल्या लंडन मिशनरी सोसायटीत बहुतांश याच पंथांची माणसे होती, आणि तिच्या दोन मिशनऱ्यांची नावे बेननस्मिथ या शाळेने अजून जपली आहेत. आपल्याकडे ते राज्यकर्त्यांच्या धर्माचे प्रतिनिधी म्हणून ओळखले गेले. त्यांच्या देशात ते राजधर्माबाहेरचे होते.

आजच्या मराठी वर्तमानपत्रात पाखंडी शब्द आला की दहापैकी नऊ वेळा बातमी पैसे उकळणाऱ्या किंवा अंगावरचे भूत उतरवणाऱ्या बाबाची असते. जुना अर्थ व्यासपीठांवरच्या भांडणांत उरला आहे, आणि तिथे तो मुद्दाम संदिग्ध ठेवला जातो: प्रतिपक्षाचे मत वेगळे आहे एवढेच म्हणायचे असते, पण ऐकणाऱ्याने तो लबाडही आहे असे समजावे, अशी सोय त्यात असते. मनुस्मृतीतल्या त्या यादीने जे केले तेच इथे होते. अंधश्रद्धेविरुद्धच्या कायद्यांना मात्र ही संदिग्धता परवडणारी नव्हती. महाराष्ट्राचा कायदा २०१३ चा आणि कर्नाटकाचा २०१७ चा. दुसऱ्याची अंमलबजावणी २०२० मध्ये सुरू झाली, त्यामुळे निपाणीजवळच्या सीमेच्या दोन्ही अंगांना आता असा कायदा लागू आहे. दोन्हींच्या परिशिष्टांत श्रद्धांची यादी नाही, कृत्यांची आहे: अघोरी विधी, चमत्काराच्या नावाने फसवणूक, भूत उतरवण्याच्या निमित्ताने मारहाण. आणि दोन्हींत यात्रा, प्रदक्षिणा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे, मग ते कोणत्याही संप्रदायाचे असो.